शिल्पप्रदर्शनात बघायला येणाऱ्याची वाट अडवावी का? (गुहागरकडे, घरच्याच खळ्यात)

खळ्यातली_माती

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. मी सावर्ड्याला शिल्पकला शिकले, आता गुहागरच्या बाजूला आमच्या वाडीतच राहून काम करते. शिमग्याला चाकरमानी गावात येतात तेव्हा आमच्या घरीच, म्हणजे खळं (अंगण), पडवी आणि मागचा मांगर (शेतीच्या सामानाची खोपी) मिळून, माझ्या शिल्पांचं प्रदर्शन लावायचं ठरलंय. हॉल मला नकोच होता. विषय आहे हद्द आणि स्वतःचं स्वातंत्र्य. माणसाभोवती, खास करून बाईभोवती, ज्या रेघा असतात त्या कोण आखतं, आणि आपण स्वतः आपल्याभोवती आखतो त्या कुठल्या. आमच्याकडे हे सगळं गडगा (दगडी कुंपण), वई (काटक्यांचं कुंपण), बेडं (आडव्या बांबूंचं फाटक), उंबरठा यातच रोज दिसतं, मग ते उचलून पांढऱ्या भिंतीच्या खोलीत कशाला न्यायचं.

कामं अशी आहेत. फणसाच्या लाकडाची एक चौकट, भिंत नाही, नुसती चौकट उभी आणि उंबरठा गुडघ्याच्याही वर, आत जायचं तर साडी सावरून पाय उचलूनच जावं लागणार, बाजूने मात्र मोकळंच आहे. पडवीच्या वाशांना मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी टांगलीयत, एक माणूस आत जाऊन उभा राहील अशी. एक जांभ्या दगडातली बाई आहे, अर्धी गडग्यात आणि अर्धी बाहेर. आणि चौथं काम जिथे सगळं अडलंय ते म्हणजे खळ्याच्या मधोमध आडवा गडगा, छातीएवढा, वाट न ठेवता. पलीकडे मांगर आणि मांगरात शेवटचं शिल्प. येणाऱ्याने तिथे थांबायचं, चढायचं, कुणाला तरी विचारायचं किंवा परत फिरायचं.

बाबा म्हणतात अगं वाडीतली सगळी म्हातारी माणसं येणार, त्यांचे गुडघे बघ आधी. मैत्रीण म्हणते स्वातंत्र्यावर प्रदर्शन आणि तूच लोकांना अडवतेस, हे बरोबर नाही. मला वाटतं कुणाला अडलंच नाही तर हद्द नुसती बघायची वस्तू होऊन बसेल, लोक फोटो काढतील, चहा पितील आणि जातील.

तर विचारायचं हे की अडवावं का. दुसरं, खळ्यात उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात काय टिकेल. आणि तिसरं, गडग्यातली बाई बघून शेजारच्या काकी म्हणाल्या "बिचारी गो", तेव्हापासून झोप नाही नीट, कारण ती मला बिचारी दिसायला नकोय अजिबात. चिरे, म्हणजे जांभ्याचे घडीव दगड, आमच्याच जुन्या पडक्या गडग्याचे वापरायचा विचार आहे, फुकट आहेत आणि शेवाळ वगैरे छान चढलंय.

पेणचा_कारखाना

ताई, आधी कामाचं बोलतो, मग कलेचं. आमचा गणपतीचा कारखाना आहे, वडलांपासूनचा, शाडूही करतो आणि बाहेरची सिमेंट-फायबरची कामंही घेतो.

गडगा छातीएवढा करणार असशील तर सुका, बिनमातीचा गडगा चढण्यासाठी अजिबात ठेवू नको. पाया रुंद आणि वर निमुळता केलास, चिरे नीट सांध्यावर सांधा न येता बसवलेस तरी वरचा थर हातापायाने हलतोच. एक चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, पोर वर चढलं आणि चिरा पायावर आला तर प्रदर्शन तिथेच बंद. चढू द्यायचं असेल तर आतून सिमेंट घाल आणि वरून कळणार नाही असं सांधे दाबून घे. चढू द्यायचं नसेल तर चढता येईल असं दिसूच देऊ नको.

उघड्यावर टिकायचं म्हणशील तर जांभा बिनधास्त ठेव, खाणीतून काढला की हवेवर उलट कडक होत जातो. पावसाळ्यात शेवाळ धरेल पण तुला ते हवंच आहे. सिमेंटमध्ये काही करत असशील तर आतल्या सळईवर दीड-दोन इंच तरी माल बसला पाहिजे, खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज फुगतो आणि मूर्ती आतून फुटते, तडा वरून दिसतो तोवर आत सगळं गेलेलं असतं. शक्य असेल तिथे स्टेनलेसची तार वापर, थोडी महाग पडते. फणस ओला नसेल हे बघ. गाभ्याचं, सुकलेलं लाकूड असेल तर वाळवीला पण बऱ्यापैकी दाद देत नाही, ओलं असेल तर शिमग्याच्या उन्हात चौकट फाटणार.

आता त्या बाईबद्दल. जांभ्यात नाक-डोळे नीट येत नाहीत, दाणाच तसा भोकाभोकाचा, म्हणून आपण सगळं मानेत आणि खांद्यात घालतो. मान खाली गेली की बघणारा बिचारीच म्हणणार, त्याला दुसरा रस्ता आपण ठेवलेला नसतो. तिचे हात काय करतायत ते तू लिहिलंच नाहीस. हातात एक चिरा दे. ती तो काढतेय की बसवतेय हे सांगू नको, पण वजन खरं दिसू दे, मनगट ताणलेलं, कंबर मागे, एक पाय घट्ट रोवलेला. काम करणाऱ्या बाईला कुणी बिचारी म्हणत नाही.

जमलं तर अलिबागजवळ सासवण्याला जाऊन ये. नानासाहेब करमरकर तिथले, १८९१ चा जन्म, घरात गणपती करायची परंपरा, कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पोराचं काम बघून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवलं. पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, १९२८ चा. पण मी सांगतोय ते त्यांच्या घरच्या शिल्पालयाबद्दल. अंगणात सिमेंटची म्हैस बसलीय आणि कोळणी वगैरे गावातलीच माणसं आहेत. त्या बायका बघ कशा उभ्या आहेत ते. समुद्राच्या इतक्या जवळ सिमेंटची कामं, तेही बघण्यासारखं आहे आपल्या धंद्यातल्या माणसाला. आणि तुझ्यासारखंच, स्वतःच्या घरातच मांडलेलं.

सडा_फिरस्ता

अडवण्याबद्दल एक उदाहरण देतो, शिल्पकलेतलं बहुतेक सगळ्यात गाजलेलं. न्यूयॉर्कला सरकारी ऑफिसांच्या चौकात रिचर्ड सेरा यांनी १९८१ साली 'टिल्टेड आर्क' उभं केलं, १२० फूट लांब आणि १२ फूट उंच लोखंडी भिंत, थोडी कललेली, बरोबर चौकाच्या मध्ये. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला रोज वळसा. सेरा यांना हेच हवं होतं, की तू चालतोस कसा, वळतोस कुठे हे तुला जाणवावं. लोक चिडले, १९८५ ला जाहीर सुनावणी झाली, त्यात कलाकार मंडळी बाजूनेही बोलली, पण शेवटी १९८९ ला कापून नेलं. सेरा यांचं म्हणणं होतं की हे त्याच जागेसाठी केलंय, हलवलं म्हणजे नष्ट केलं.

मला दोन्ही बाजू पटतात खरं तर. पण तुझ्यात आणि त्यात एक मोठा फरक आहे. त्या चौकातून जाणाऱ्याला पर्याय नव्हता, नोकरी तिथेच. तुझ्या खळ्यात येणारा स्वतःहून येतोय. म्हणजे तुला अडवायचा हक्क जास्त आहे असंही म्हणता येईल आणि तो पाहुणा आहे म्हणून कमी आहे असंही.

दुसरं, तू गडगा-उंबरठा म्हणतेस, त्याच्याही आधीची आपल्याकडची रेघ म्हणजे कातळशिल्पं, सड्यावरच्या उघड्या खडकात कोरलेली जुनी चित्रं. कशेळीचा हत्ती बघितला नसशील तर बघ, १८ मीटरच्या आसपास लांब, आणि त्या हत्तीच्या रेघेच्या आत कितीतरी छोटे प्राणी, मासे कोरलेत. उभं राहून एका नजरेत मावतच नाही, कडेकडेने चालावं लागतं. चालता चालता आपण रेघेच्या आत आहोत का बाहेर हे कळेनासं होतं, मी तर दर वेळी परत मागे जाऊन बघतो. कुंपण नाही, उंची नाही, जेमतेम काही इंच खोल कोरलंय आणि तरी पाय आपोआप रेघेवर पडायचा थांबतो. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण सगळीकडे माझा हाच अनुभव. २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत ही ठिकाणं. उक्षीला आता संरक्षणासाठी भोवती गोल भिंत घातलीय, गरजेचीच होती, पण हद्दीवर काम करणाऱ्या माणसाने ती भिंत आणि ती रेघ दोन्ही बघावीत असं वाटतं.

मुद्दा हा की अडवायला छातीएवढं लागतंच असं नाही. खळ्याच्या सारवणावर नुसती एक खोल रेघ मारून बघ, किती जण ओलांडतात.

जुनी_मास्तरीण

पोरी, तुझं वाचून फार बरं वाटलं. मी दापोलीकडची, शाळेत शिकवलं आयुष्यभर, आता निवृत्त.

मला एक सांगायचंय जे वरच्या दोघांनी नाही सांगितलं. तू हद्द म्हणजे बाईला कुणीतरी घातलेली असंच धरून चाललीयस असं कामांवरून वाटतं, लिहिलंयस तू 'आपण आखतो त्या कुठल्या' असं पण चारही कामांत ते मला सापडलं नाही. मी लग्न होऊन एकत्र घरात आले तेव्हा माजघर सगळ्यांचं, पडवी पुरुषांची, चुलीपाशी कुणी ना कुणी कायम. बाहेर जायला मला कुणी फारसं अडवलं नाही, शाळेची नोकरी होती, पगार येत होता, एसटीने दोन गावं ओलांडून जात होते. कमी होती ती आतून कडी लागेल अशा दाराची. वह्या तपासताना, रडू आलं तर, नुसतं गप्प बसायचं असेल तर, कुठेच जागा नाही. मग मांगराच्या एका कोपऱ्यात फळ्या ठोकून खोली केली आणि सुताराला सांगून आतून कडी लावून घेतली, सासूबाई महिनाभर नीट बोलल्या नाहीत. त्या कडीने मला जे दिलं ते एसटीच्या पासाने दिलं नव्हतं.

म्हणून भिंत वाईट आणि मोकळं मैदान चांगलं हे मला मान्यच नाही. भिंत फोडून बाहेर येणाऱ्या आकृत्या आता सगळीकडे बघायला मिळतात, फिलाडेल्फियाला झेनोस फ्रुडाकिस यांचं 'फ्रीडम' आहे, त्याचे फोटो तर येतच असतात, ब्राँझच्या भिंतीतून एकेक करत माणूस सुटत जातो आणि शेवटी हात पसरून उभा राहतो. चांगलंच काम आहे. पण सुटल्यावर तो कुठे राहतो, रात्री दार लावायला त्याला काही आहे का, हा प्रश्न मला पडतो आणि बाईमाणसाला तो पडणारच.

तू मुद्दाम मांगरातच शेवटचं शिल्प ठेवतेयस म्हणून विचारते, तिथे माणसाला एकट्याला राहता येईल का? म्हणजे आत गेल्यावर कुणी मागून येणार नाही असं?

रापणीचो_दोर

बाय गो, वाचलंय सगळा. जाळ्याचा काम माका लय आवडला. पण पयली गोष्ट, जुन्या गडग्याचे चिरे हलवू नको. कोकणात चिरो हललो की वाद उभो रवता.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी मालवणचा, रापणीवाल्या घरातला (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं). पडका असला तरी तो गडगा कुठल्या तरी दोन हिश्श्यांच्या मधला असणार, सातबाऱ्यावर किती नावं असतील ते तुझ्या वडलांनाच माहीत. तू शेवाळ चढलं म्हणून चिरे उचलशील आणि कुणी मुंबईहून शिमग्याला आलेला चुलता म्हणेल हद्द पुसली. हद्दीवरच्या प्रदर्शनासाठी खरी हद्द मोडायची नाही. चिरेखाणीवर तुटके, कोपरा गेलेले चिरे पडलेले असतात ते मागून घे, स्वस्तात मिळतील. आमच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवाला घालतो त्या साकड्यात, शिवेवरच्या राखणदाराचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत, तेवढं लक्षात ठेव.

जाळ्याबद्दल. कुठलं जाळं घेतेस ते नीट ठरव, सगळी जाळी सारखी नसतात. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असेल तर आत उभ्या माणसाची बोटंच फक्त बाहेर येतील, मोठा आस असेल तर अख्खा हात कोपरापर्यंत. काय अडतं आणि काय सुटतं ते त्या भोकावरच ठरतं, सगळा मासेमारीचा वाद त्याच्यावरच तर आहे, बारीक आसाने पिल्लं पण येतात आणि पुढच्या वर्षी समुद्र रिकामा. मी असतो तर दोन थर केले असते, बाहेरून मोठा आस आणि आतून बारीक. आणि पाण्यावर तर रेघ दिसत पण नाही, राज्याची हद्द १२ सागरी मैल, तिथे कुणी खांब रोवलेले नाहीत, पण भांडणं त्या न दिसणाऱ्या रेघेवरूनच होतात, पर्ससीनवाला (मोठ्या घेराच्या जाळ्याचा) आत आला का ट्रॉलर आत आला. ही गोष्ट तुझ्या प्रदर्शनात कुठेतरी यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

जाळी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन उन्हात टाक, नाहीतर पडवीत वास राहणार. आणि नायलॉन पेट घेतं, शिमग्याचे दिवस आहेत, होळीची ठिणगी, कुणाची विडी, लांब ठेव सगळं. पोरं गळ्यात गुंडाळून घेतात म्हणून खालची कड जमिनीपर्यंत सोडू नको.

मृणालिनी मुखर्जी यांची कामं बघितलीस ना? तागाच्या दोराला नुसत्या गाठी मारून माणसापेक्षा मोठी शिल्पं, आतून उभी कशी राहतात कळत नाही. मी त्यांच्या कामाचे फोटो बघून आमच्या जुन्या काथ्याच्या दोरांवर गाठी मारून बघतो. गाठ बांधते आणि तीच आकार उभा करते, हे दोर हातात घेतलेल्या माणसाला लगेच कळतं.

ठाणे_ते_दापोली

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

ताई, तू अडव. पूर्ण अडव. सगळे तुला वाट काढून देतायत, रेघ मार, आस मोठा ठेव, पाहुण्यांची काळजी घे. पण खरी हद्द अशी सोयीची नसते. रत्नागिरीला थिबा राजवाडा सगळ्यांनी बघितलाय. ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ ला राज्य गेलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणला, १९१० मध्ये हा राजवाडा झाला आणि १९१६ ला माणूस तिथेच गेला. राजवाड्यात उभं राहून बघा, खिडक्या भरपूर, हवा खेळती, समोर खाडी आणि समुद्र. गज नाहीत कुठे. तरी परत जाता आलं नाही. तीस वर्षं. तिथे गेल्यावर मला दर वेळी त्या मोकळ्या खिडक्यांचाच त्रास होतो.

आता समज तू बेडं लावलंस किंवा रेघ मारलीस तर आमच्यासारखे लोक येणार, मजेत ओलांडणार, मुलांना ओलांडायला लावून रील काढणार. हद्द म्हणजे काय ते कुणाला कळलं? लंडनला टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात डोरिस साल्सेदो यांनी २००७ साली हॉलच्या जमिनीलाच १६७ मीटरची भेग पाडली होती, काही लोकांचे पाय अडकले, लागलं पण, तरी ते काम लोकांच्या लक्षात राहिलं. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली पण तिचा व्रण अजून जमिनीवर दिसतो. परदेशातून, दुसऱ्या वर्णातून आलेल्या माणसाला जी दरी जाणवते तिच्यावर होतं ते. ते पण सोयीचं केलं असतं तर काय राहिलं असतं त्यात.

शेवटचं शिल्प कुणालाही दिसलं नाही तरी चालेल. लोक गडग्यापाशी थांबून पलीकडे मांगर बघतील आणि परत जातील. तेच प्रदर्शन.

जुनी_मास्तरीण

तुमचं थिब्याबद्दलचं खरं आहे, मीही तिथे गेल्यावर फार वेळ थांबू शकत नाही. पण दादा, त्या पोरीच्या खळ्यात येणार कोण ते बघा. वाडीतल्या बायका येणार. ज्यांना आयुष्यभर कुठे ना कुठे 'इथपर्यंतच' ऐकावं लागलंय त्यांना अडलं म्हणजे काय हे शिकवायला गडगा कशाला हवा? त्यांना परत एकदा अडवून, परत पाठवून काय मिळणार? ठाण्याहून आलेल्या तुमच्या मुलाला कदाचित कळेल. आमच्या वाडीतली कुणी असेल तर ती म्हणेल बरं, आणि फिरेल मागे, सवयच आहे. ते बघवणार नाही मला.

ठाणे_ते_दापोली

हे मी धरलं नव्हतं, की येणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं असणार. तरीही बिनअडथळ्याचं नको, या माझ्या मतावर मी ठाम आहे. काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे पलीकडे जायला.

खळ्यातली_माती

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस बाबांबरोबर खळ्यात दोरी लावून, बादल्या ठेवून, हेच चाललंय.

आधी चिऱ्यांचं. बाबांना रापणीच्या दादांची पोस्ट वाचून दाखवली तर ते लगेच म्हणाले तो गडगा काकांच्या आणि आपल्या मधलाच आहे, हात लावायचा नाही. खाणीवर बोलणं झालंय, तुटके चिरे मिळतायत.

मास्तरीणबाईंनी विचारलं आत एकटं राहता येईल का, त्यावरून सगळं फिरलं माझ्या डोक्यात. गडगा मधोमध राहणार पण त्यात बेडं करणार. दोन बाजूला जांभ्याचे खांब, त्यांना भोकं, आडवे बांबू. बांबू दोन्ही बाजूंनी काढता-घालता येतील असे. येणाऱ्याने बांबू सरकवायचे आणि आत जायचं. आत गेल्यावर ते परत घालायचे का नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. घातले तर मागचा बाहेर थांबणार, मांगरातल्या शिल्पापाशी तो एकटा, हवा तेवढा वेळ. आणि बाहेर पडताना उघडं ठेवून गेला तर पुढच्याला मोकळी वाट, बंद करून गेला तर पुढच्याला परत बांबू काढायचे. मी किंवा घरातलं कुणी हात लावणार नाही, उघडणार नाही, बंद करणार नाही, दिवसभर ते जसं राहील तसं राहील. म्हणजे ठाण्याच्या दादांना हवी ती अडवणूक राहतेच, पण ती माझी नाही राहत, तुमच्या आधी आलेल्या माणसाची होते. हे सुचल्यावर मला एकदम मोकळं वाटलं कारण हद्द तर अशीच असते, आपल्या आधीच्यांनी बंद करून ठेवलेली, आणि आपण पण मागच्यांचा विचार न करता लावून घेतो.

म्हाताऱ्या माणसांना चढायला नको, बांबू काढले की सपाट वाट. आज्जी खुर्चीवरून सुद्धा जाऊ शकेल.

मांगरातलं शिल्प मी अजून सांगितलं नव्हतं, ते मुद्दाम नाही सांगत इथे.

जाळ्याचे दोन थर करतेय. आणि १२ मैलांचं वाचल्यावर वाटलं की पडवीतून खळ्यात उतरताना सारवणात एक रेघ कोरायचीच, कुठेही नाव नाही, खूण नाही, सडा फिरस्ता म्हणाले तशी.

गडग्यातल्या बाईचे हात परत करायला घेतलेत. चिरा हातात दिल्यावर खांदाच बदलला, मान आपोआप वर आली कारण वजन मागे गेलं. शेजारच्या काकी काल येऊन बघून गेल्या, म्हणाल्या "गवंडीण केलीस काय गो", एवढंच म्हणाल्या पण बराच वेळ थांबल्या होत्या.

एक शंका राहिलीय. आपल्याकडच्या माणसाला बेड्याचे बांबू काढायची इतकी सवय असते की हात आपोआप काढतील आणि आपोआप घालतील, गुरं आत येऊ नयेत म्हणून आपण बघता बघता लावून टाकतो. मग त्याला कळणार कसं की त्याने काही ठरवलं?

पेणचा_कारखाना

बांबू जाड आणि लांब घे, एका हाताने सरकणार नाही असा. एका खांबाचं भोक आरपार आणि खोल, दुसऱ्याचं उथळ, म्हणजे आधी खोल भोकात रेटून मग सोडवावा लागतो, थोडं थांबायला होतंच. खालचा बांबू सगळ्यात जड ठेव, वाकावं लागेल. पण म्हाताऱ्यांना दुसऱ्या कुणाची तरी मदत मागावी लागेल एवढाही जड नको, दोन-तीन जाडीचे कापून बाबांना काढायला लावून बघ. भोकाच्या आतली कड घासून घे, जांभा बांबूला कापतो आणि बांबूची सल हातात जाते.

रापणीचो_दोर

गुरांची सवय मोडायची तर बांबूला काथ्याचा दोर गुंडाळ, हातात वेगळं लागेल. माझ्याकडे जुन्या रापणीचा दोर आहे भरपूर, मिठाने आणि हातांनी गुळगुळीत झालेला. मेसेज कर, गुहागर-चिपळूणकडे कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवतो.

सडा_फिरस्ता

सवयीने झालं तरी चालेल ना. बाहेर उभा असलेला दुसरा माणूस बघतोच की याने आपल्यासमोर लावून घेतलं. एकाला नाही कळलं तरी दुसऱ्याला कळेल, आणि मग ते दोघं परत जाताना बोलतील.

खळ्यातली_माती

दोर नक्की पाठवा दादा, मेसेज करते. शेवटचं एक विचारते, बेड्यापाशी पाटी लावू का? 'आत जाऊन बंद करू शकता' वगैरे? मैत्रीण म्हणते लावलीच पाहिजे, नाहीतर लोकांना कळणार नाही की आत जायला परवानगी आहे.

जुनी_मास्तरीण

पाटी नको. परवानगी लिहून दिलीस की ती परत तुझी झाली. जाळ्यापाशी मात्र मुलांसाठी लाव, मोठ्या अक्षरात, गळ्यात गुंडाळू नका म्हणून, आणि तिथे घरातलं एक मोठं माणूस बसवून ठेव दिवसभर. मी येतेय शिमग्यानंतरच्या आठवड्यात, सुनेला घेऊन येईन. दोघी वेगवेगळ्या वेळी आत जाऊ.